लेकराच्या हाती ई-सायकल देण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूरमध्ये दोन बाजार एकदम तेजीत येतात. एक खोल्यांचा, दुसरा दुचाकींचा. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, देवणी, अहमदपूर इकडची मुलं-मुली अकरावीला आणि नीट-जेईईच्या क्लासला शहरात येऊन राहतात. कुणाची खोली श्रीनगरला आणि क्लास भाग्यनगरला, कुणाची खोली खाडगाव रोडला आणि क्लास ट्युशन एरियात. रोजची रिक्षा परवडत नाही, चालत जायचं तर वेळ जातो. मग एखाद्या रविवारी वडील लेकराला घेऊन ई-बाईकच्या दुकानात जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, "लायसन लागतं का हो याला?"

उत्तर ठरलेलं असतं. "लायसन नाही, नंबर नाही, इन्शुरन्स नाही. बिनधास्त द्या."

दुकानातल्या काही गाड्यांच्या बाबतीत हे उत्तर पूर्ण खरं असतं. त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या बाबतीत ते साफ खोटं असू शकतं, आणि बाहेरून पाहून हा फरक कळत नाही. तो कळतो कागदावरून.

एकाच नावाच्या तीन गाड्या

आपल्याकडे विजेवर चालणाऱ्या सगळ्याच दुचाकींना 'ई-बाईक' म्हणायची पद्धत पडली आहे. वयाचा नियम समजून घ्यायचा तर त्यातल्या तीन जाती वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली खरीखुरी ई-सायकल. तिला पेडल असतात, मोटार मदतीला असते. हिरो लेक्ट्रो किंवा पुण्याच्या ईमोटोराडसारख्या कंपन्यांच्या सायकली या जातीच्या. पाय मारले की मोटार जोर लावते, वेग ताशी २५ किलोमीटरकडे जाऊ लागला की जोर कमी होत जाऊन बंद पडतो. पेडल थांबवले तरी तो बंद व्हायला हवा.

दुसरी दिसायला स्कूटर, पण कमी ताकदीची. सीट, पायदान, डिकी, हँडलला पिळायची मूठ असं सगळं असतं, फक्त नंबरप्लेट नसते. मराठवाड्यातल्या क्लासच्या गल्ल्यांमध्ये हीच सर्वात जास्त दिसते.

तिसरी नोंदणी झालेली ई-स्कूटर. हिच्यावर हिरवी नंबरप्लेट आणि पांढरी अक्षरं असतात. नांदेडची असेल तर एमएच-२६, लातूरची असेल तर एमएच-२४. ही कायद्याच्या नजरेत पूर्ण मोटारसायकल आहे. पेट्रोलच्या गाडीला लागू असलेले लायसन, विमा, हेल्मेट हे सगळे नियम हिला लागू.

घोळ होतो तो दुसऱ्या जातीत. ती कागदावर पहिलीच्या रांगेत असते आणि रस्त्यावर अनेकदा तिसरीसारखी पळते.

कायदा आधी गाडी पाहतो, मग वय

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ४ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला वय १८ पूर्ण हवं. एक सवलत आहे. ५० सीसीपेक्षा जास्त इंजिन नसलेली मोटारसायकल १६ पूर्ण झाल्यावर चालवता येते, अर्थात त्यासाठीचं लायसन काढून. ही सवलत लुनाच्या काळात कामाची होती. विजेच्या मोटारीला सीसी नसतो, त्यामुळे या सवलतीवर विसंबून सोळा वर्षांच्या मुलाला हिरव्या प्लेटची स्कूटर देऊ नये. तिच्यासाठी अठराच धरून चालायचं.

पण हा सगळा नियम 'मोटार वाहना'चा. कोणती गाडी मोटार वाहन नाही, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये लिहिलं आहे. मोटारीची तीस मिनिटांची (म्हणजे सलग अर्धा तास टिकणारी) ताकद २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, ब्रेक योग्य, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक. इतकं असेल, आणि ते सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं असेल, तर ती बॅटरीची गाडी मोटार वाहन मानली जात नाही. पेडलच्या ई-सायकलचीही व्याख्या तिथेच आहे.

आणि गाडी मोटार वाहन नाही म्हटलं की कलम ४ चं वयही तिला लागत नाही. ना सोळा, ना अठरा. म्हणजे प्रमाणित कमी वेगाची ई-सायकल बारा वर्षांच्या मुलीने चालवली तरी केंद्रीय कायद्याने तो गुन्हा ठरत नाही. पुष्कळ पालकांना हे पटत नाही, पण नियम असा आहे.

माझ्या मते इथे कायद्यात मोठी फट राहिली आहे. चीनमध्ये साधी सायकल रस्त्यावर चालवायला वय १२ लागतं आणि विजेच्या सायकलला १६. ब्रिटनमध्ये अशीच २५० वॉटची पेडलवाली सायकल १४ व्या वर्षापासून चालते, त्याआधी नाही. इस्रायलने १६ ठरवलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणाऱ्या सायकलींना १६ ची अट घातली आणि हेल्मेट सक्तीचं केलं. आपण ताकदीचा आणि वेगाचा आकडा ठरवला, वय मात्र घरच्यांवर सोडलं.

दुकानात कोणता कागद मागायचा

नियमातले शब्द पुन्हा पाहा: चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं. गाडीवर '२५० वॉट' असा स्टिकर असणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. महाराष्ट्रात पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा संस्था आहेत. हरियाणात मानेसरची आयकॅट आहे. कंपनी तिथे गाडीचा नमुना पाठवते, संस्था तपासते आणि त्या मॉडेलचं प्रमाणपत्र देते.

दुकानदाराकडे या प्रमाणपत्राची प्रत मागा. मिळाली की तीन गोष्टी ताडून पाहा. प्रमाणपत्रावरचं मॉडेल आणि व्हेरियंट, बिलावरचं मॉडेल आणि गाडीवरच्या पट्टीवरचं मॉडेल एकच आहे का? कधी कधी प्रमाणपत्र साध्या मॉडेलचं असतं आणि हाती येते त्याची 'प्रो' किंवा 'प्लस' आवृत्ती, मोठ्या बॅटरीची. बिलावर मोटारीची ताकद आणि कमाल वेग लिहून घ्या. चेसिस क्रमांक लिहून घ्या. "पक्कं बिल घेतलं तर महाग पडेल" असं ऐकायला मिळालं तर दुसरं दुकान गाठा.

वेग तपासायला यंत्र लागत नाही. सकाळी मोकळ्या सरळ रस्त्यावर मोठ्या माणसाने मूठ पूर्ण पिळून गाडी चालवायची आणि खिशातल्या मोबाईलवर जीपीएसने वेग मोजणारं ॲप चालू ठेवायचं. थांबल्यावर कमाल वेग बघायचा. पंचवीसच्या वर गेला तर ती गाडी सूट मिळालेली नाही, दुकानदार काहीही म्हणो.

'थोडी स्पीड वाढवून द्या'

मे २०२२ मध्ये तेव्हाचे परिवहन आयुक्त अविनाश ढाकणे यांनी राज्यभर अशा गाड्यांची विशेष तपासणी लावली होती. कारण हेच होतं. चाचणी संस्थेची मंजुरी न घेता गाड्या विकल्या जात होत्या, किंवा मंजुरीनंतर त्यात बदल करून मोटारीची ताकद २५० वॉटच्या वर आणि वेग २५ च्या वर नेला जात होता.

बदल कंपनीतच होतो असं नाही. गाडी घरी आल्यावर महिन्याभरात मुलगा म्हणतो, पंचवीसने काय होतंय, पोरं पुढे निघून जातात. ओळखीच्या मेकॅनिककडे थोड्या पैशात वेग बांधून ठेवणाऱ्या कंट्रोलरची मर्यादा निघते. गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळू लागते. रंग तोच, सीट तीच, पण त्या क्षणी ती गाडी मोटार वाहन होते: बिननोंदणीची, बिनविम्याची, आणि तिच्यावर बसलेला चालक अल्पवयीन.

मग कायदा काय काय लावू शकतो, ते क्रमाने बघण्यासारखं आहे. वय आणि लायसन नसताना चालवलं म्हणून कलम १८१, दंड ५,००० रुपये. अशा माणसाला गाडी चालवू दिली म्हणून मालकावर कलम १८०, पुन्हा ५,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. नोंदणी नाही म्हणून कलम १९२. विमा नाही म्हणून कलम १९६. गाडीत परवानगीशिवाय बदल केला म्हणून कलम १८२अ, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये. आणि नियमात न बसणारी गाडी विकणाऱ्या दुकानदारावर त्याच कलमाखाली प्रत्येक गाडीमागे १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद. हे शेवटचं दुकानात बोलताना लक्षात ठेवायला हरकत नाही.

सगळ्यात जड आहे ते कलम १९९अ. २०१९ च्या दुरुस्तीने हे आलं आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झालं. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला तर दोषी धरला जातो पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही, शिकाऊसुद्धा नाही. नीटच्या तयारीला लातूरला आलेल्या मुलाचा हिशोब करून बघा. एमबीबीएस होईल, इंटर्नशिप होईल, पीजीच्या परीक्षेला बसेल, तरी दवाखान्यात रिक्षानेच जावं लागेल.

या कलमात एक वाक्य असं आहे की ज्याने गावाकडच्या पालकांची झोप उडावी. गाडी मुलाने पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच वापरली, असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण गुन्हा टाळण्यासाठी पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं. गाडी लातूरला, मुलगा लातूरला, वडील देवणीला शेतात. "मला काय माहीत त्यानं स्पीड वाढवली," हे म्हणणं खरं असलं तरी ते पटवून देण्याची जबाबदारी वडिलांची आहे. मामाची गाडी भाचा चालवत असेल तर मामाही यात आला. रूम पार्टनरची गाडी असेल तर ज्याच्या नावावर बिल आहे तो आला.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्या प्रकरणात सुरुवातीला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला म्हणून राज्यभर संताप झाला, तो सगळ्यांना आठवतो. पुढे वडिलांना अटक झाली आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन मिळणार नाही, असं परिवहन विभागाने सांगितलं, ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ती आलिशान गाडी होती म्हणून प्रकरण देशभर गेलं. पण कलम गाडीची किंमत पाहत नाही.

दंडापेक्षा मोठा फटका नुकसानभरपाईचा. वेग वाढवलेल्या गाडीने एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उडवलं आणि त्याचा पाय मोडला, तर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. विमा नसल्याने भरपाई मालकाच्या खिशातून. शेत विकायची वेळ येऊ शकते, आणि हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही.

पंचवीस म्हणजे किती

ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. समोर कुत्रं आलं हे दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी ७ मीटर पुढे आलेली असते. मग कोरड्या डांबरावर, बऱ्या ब्रेकांनी थांबायला आणखी ६ मीटर. एकूण १३. हीच गाडी ४५ ने असेल तर विचार करण्यातच साडेबारा मीटर जातात आणि थांबायला साडेएकोणीस, एकूण ३२ मीटर. वेग दुप्पटही झाला नाही, थांबायचं अंतर मात्र अडीचपट झालं. कमी ताकदीच्या गाडीचे ब्रेक, टायर आणि सांगाडा कमी वेगासाठी बनवलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे अंतर आणखी वाढतं.

धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ च्या तुलनेत ४५ ला तो तिपटीहून जास्त. अकरावीच्या फिजिक्समध्ये हेच गणित असतं. क्लासला जाताना ते कुणी करत नाही.

आपल्या दोन शहरांचे रस्ते

दिल्लीच्या नियमावलीत गंजगोलाई नसते. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये जगदंबेचं मंदिर, भोवती हातगाडे, माल उतरवणारे टेम्पो, मध्येच थांबणाऱ्या रिक्षा. इथे ई-सायकलवाल्याला सर्वात मोठा धोका आहे तो गाडीच्या शांततेचा. पेट्रोलच्या गाडीचा आवाज मागून येतो म्हणून पायी चालणारा माणूस बाजूला होतो. ई-सायकल पाठीशी आली तरी त्याला कळत नाही, तो अचानक आडवा वळतो. घंटी किंवा हॉर्न वाजवून, ताशी आठ-दहाने, कुणाच्याही पाठीशी अंतर ठेवून जायचं. गर्दी फार असेल तर उतरून ढकलत नेण्यात कमीपणा नाही.

शिवाजी चौक, औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड इथलं दुखणं निराळं. रस्ता रुंद आणि मध्ये दुभाजक, त्यामुळे वळण लांब पडतं आणि मुलं शंभर मीटर वाचवायला राँग साइडने येतात. समोरून बरोबर बाजूने येणारा ट्रॅव्हल्सवाला डावीकडून कुणी उलटं येईल, अशी अपेक्षाच करत नाही. क्लास सुटला की एकाच वेळी शेकडो दुचाकी बाहेर पडतात, तेव्हा तर हे हमखास होतं. घरच्यांनी एकदा मुलाबरोबर जाऊन खोलीपासून क्लासपर्यंतचा रस्ता ठरवून द्यावा. वळून यायला पाच मिनिटं लागली तर लागू द्यावीत.

नांदेडला वजिराबाद, वर्कशॉप कॉर्नर, आयटीआय चौक, तरोडा नाका या पट्ट्यात शहरातली रहदारी आणि बाहेरगावची वाहनं एकात एक मिसळतात. गुरुद्वाऱ्याच्या सणांना यात्रेकरूंच्या बस आणि खाजगी गाड्या येतात, आणि त्यांच्या चालकांना शहर ओळखीचं नसतं. त्या दिवसांत जुन्या नांदेडच्या गल्ल्या टाळलेल्या बऱ्या. गोदावरीच्या पुलांवर कडेला जागा कमी, पाठीमागे जड वाहन. ज्याला आरसा बघायची सवय नाही, त्याने पुलावर एकट्याने जाऊ नये.

हायवेचं तर नावच काढू नका. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला आणि पुढे यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चांगला रुंद झाला, त्यावर वाहनांचा वेग वाढला. लातूरजवळच्या किंवा लोह्याकडच्या गावांतली मुलं दहा-बारा किलोमीटर कमी वेगाच्या गाडीवर शहरात येतात. गाडी पंचवीसने चालते आणि मागून ट्रक ऐंशीने येतो. बॅटरी उतरली की वेग पंधरावर येतो. ज्या गावातून महामार्गाशिवाय दुसरी वाट नाही, तिथल्या मुलांसाठी एसटी हाच उपाय. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफतच आहे.

आता ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की उन्हाळा लागेपर्यंत लातूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. उसाचे शेंडे ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेले, मागे दिवा नाही, परावर्तक असला तर चिखलाने माखलेला, आणि वर मोठ्या आवाजात गाणी. ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. पहाटेच्या क्लासला जाणाऱ्या मुलासाठी याहून वाईट काही नाही, कारण जानेवारीत साडेसहालाही पुरतं उजाडलेलं नसतं. थांबलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून जीव जातो, तो वेग फार नसतानाही. अंधारात ट्रॉलीला ओलांडायचं नाही, तिच्या मागे भरपूर अंतर ठेवायचं, ती थांबली की आपणही थांबायचं.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा त्रास. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर पडतो, सुकतो, आणि पहिल्या सरीत त्याचा लेप होतो. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. जून-जुलैमध्ये मळ्याच्या वाटा मोठ्या रस्त्याला जिथे मिळतात, तिथे आधीच हळू व्हायचं आणि ब्रेक हलके, दोन्ही एकदम लावायचे.

डबलसीट-ट्रिपलसीटचं थोडक्यात. एकेकाळी नगरपालिका सायकलला पत्र्याचा बिल्ला लावत, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली तर हवालदार हवा सोडून देई. आज प्रमाणित ई-सायकलला तसं कुणी धरत नाही. पण २५० वॉटच्या गाडीवर तिघं बसली की मागच्या चाकावर इतका भार जातो की पुढचं हँडल हलकं होतं आणि वळणावर हाती राहत नाही. दोन पायांच्या मध्ये ठेवलेलं दप्तरही हँडल अडवतं. दप्तर पाठीवर. उन्हासाठी बांधलेल्या स्कार्फचं टोक आत खोचलेलं. कानात इअरफोन नाही.

हेल्मेट कुणाला

मोटारसायकलवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही (कलम १२९). पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला यातून सूट आहे. नांदेडमध्ये हे सांगावं लागत नाही. चार वर्षांखालच्या बाळासाठी फेब्रुवारी २०२३ पासून निराळा नियम आहे: चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, लहान मापाचं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत.

प्रमाणित ई-सायकलला हेल्मेटची सक्ती नाही, पण डोकं तेच आणि डांबरही तेच. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसलेली ५०,०२९. पेडलच्या सायकलला सायकलचं हलकं हेल्मेट चालेल. स्कूटरसारख्या गाडीला आयएसआय खूण असलेलं, आयएस ४१५१ मानकाचं पूर्ण हेल्मेट घ्या. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी तसंच हेल्मेट विकायला परवानगी आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांची टोपली मिळतेच. ती घेऊ नका. हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टा बांधा आणि मान जोरात हलवा; हेल्मेट मागे सरकलं तर एक माप लहान घ्या. स्कार्फ बांधूनच घालणार असाल तर दुकानातही स्कार्फ बांधूनच मापून बघा.

चार्जिंग: खोलीत नको

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. उन्हात उभी राहिलेली गाडी आणून लगेच चार्जिंगला लावू नये. अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यावी. बॅटरी काढून खोलीत पलंगाजवळ चार्ज करणं हा होस्टेलमधला सर्रास प्रकार आहे आणि तो सगळ्यात घातक. एका एक्स्टेंशन बोर्डावर दोन चार्जर, कूलर आणि इस्त्री असते. रात्री बॅटरी पेटली तर दारातून बाहेर पडायची वाट तिनेच अडवलेली असते. चार्जिंग दिवसा, जाग असताना, जिन्यात नाही आणि दारात नाही. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा. बॅटरी फुगली, गरम राहू लागली किंवा वास आला की ती वापरणं थांबवून दुकानात द्यावी.

मग कितव्या वर्षी द्यावी?

कायद्याने सोडून दिलेला निर्णय घरीच घ्यायचा आहे, तर मी माझं मत सांगतो. बारा वर्षांच्या आत कोणतीही ई-सायकल रस्त्यावर नाही. बारा ते चौदा साधी सायकल. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल मिळते. तेवढ्या अंतराला मोटारीची गरज नसते, आणि रस्ता वाचायला मूल सायकलवरच शिकतं. चौदानंतर पेडलची ई-सायकल, आधी आपल्या नगरात, मग ठरलेल्या एका रस्त्यावर. स्कूटरसारखी कमी वेगाची गाडी सोळाच्या आत नको, कारण तिच्यावर बसलेलं मूल स्वतःला स्कूटरवाला समजतं आणि तसंच चालवतं. हिरव्या प्लेटची अठरा आणि लायसननंतर.

मूल तयार आहे का, हे वाढदिवसापेक्षा रस्त्यावर लवकर कळतं. एका रविवारी सकाळी त्याच्या मागे आपली गाडी घेऊन जा. चौकात थांबतो का, वळताना मान वळवून मागे बघतो का, एका हाताने इशारा देताना गाडी डगमगते का, रिक्षा अचानक थांबली तर किती आधी ब्रेक लावतो. यातलं एक जरी जमत नसेल तर आणखी महिनाभर थांबा. दर महिन्याला गावाकडून भेटायला येता तेव्हा जीपीएसची ती चाचणी पुन्हा करा. कंट्रोलरमध्ये हात घातला असेल तर तिथेच कळेल.

अपघात झालाच तर

जखमीला हलवण्याआधी १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवू शकत नाही, कलम १३४अ तसं संरक्षण देतं. हे मुलांनाही माहीत असावं, कारण मित्र पडला की घाबरून पळून जाणारी मुलंच जास्त. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. आपलं मूल प्रमाणित ई-सायकलवर होतं आणि ट्रकने ठोकलं, तरी ट्रक मोटार वाहनच आहे. ठोकून पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख रुपयांची सरकारी भरपाई आहे. न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. त्यासाठी एफआयआर, पंचनामा आणि दवाखान्याची कागदपत्रं लागतील, आणि गाडीचं बिल व त्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्रही. या दोन्ही कागदांची एक प्रत गावाकडच्या कपाटात आणि फोटो आईच्या मोबाईलमध्ये ठेवा. मूळ प्रत खोलीवर राहिली तर पुढच्या जूनमध्ये खोली बदलताना रद्दीत जाते.